शाळकरी मुलांतील नेत्रसंसर्गाचा प्रतिबंध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
'डोळे येणे' हा विकार बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होत असल्याने साथींच्या इतिहासात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. तथापि शाळा व हा संसर्ग यांचा संबंध जुना आहे. त्याचा प्रतिबंध हा औषधापेक्षा संस्थात्मक व्यवस्थेचा प्रश्न आहे, हे या इतिहासावरून दिसून येते.

लंडनमधील निराधार मुलांच्या शाळा
एकोणिसाव्या शतकात लंडन परिसरातील निराधार मुलांच्या निवासी शाळांत 'ऑप्थॅल्मिया'ने ठाण मांडले होते. या एकाच नावाखाली खुपरीसह अनेक नेत्रसंसर्ग मोडत. नेत्रतज्ज्ञ एडवर्ड नेटलशिप यांनी या शाळांची पाहणी करून १८७४ मध्ये अहवाल सादर केला. दाटीवाटीची शयनगृहे व सामाईक टॉवेल यांकडे तत्कालीन वैद्यकांनी लक्ष वेधले. रॉबर्ट कॉख यांना इजिप्तमधील नेत्ररुग्णांत जीवाणू आढळले ते १८८३ मध्ये. म्हणजेच जंतूची ओळख पटण्यापूर्वीच प्रतिबंधाची दिशा सापडली होती. मात्र विलगीकरणाचा भार मुलांवरच पडला. काहींना महिनोन्महिने वेगळे राहावे लागे.

विषाणूजन्य साथी
१९६९ मध्ये घानात रक्तस्रावी नेत्रदाहाची नवी साथ उद्भवली. त्याच वर्षीच्या चांद्रमोहिमेवरून तिला 'अपोलो' हे नाव पडले. १९७१ मध्ये ती भारतात पोहोचली. बंगालमध्ये मुक्तिलढ्याच्या घोषणेवरून लोक तिला 'जय बांगला' म्हणू लागले. एन्टेरोव्हायरस ७० व कॉक्सॅकी ए २४ चा एक प्रकार हे या रोगाचे प्रमुख कारक विषाणू ठरले. त्यांवर आजही लस वा विशिष्ट औषध नाही. जुलै २०२३ मध्ये आळंदी (जि. पुणे) येथे शाळकरी मुलांसह अनेकांना डोळ्यांच्या साथीची लागण झाली, तेव्हाही हात धुणे, डोळे न चोळणे व रुमाल वेगळा ठेवणे हेच उपाय सांगावे लागले.

निष्कर्ष
रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने लागण होते, हा समज निराधार आहे. संसर्ग पसरतो तो प्रामुख्याने हातांवाटे व दूषित वस्तूंवाटे. बाधित मुलाला घरी विश्रांती देणे हितावह असले, तरी निदानापूर्वीच त्याच्या हातून संसर्ग पुढे गेलेला असू शकतो. म्हणून केवळ रजा देऊन शाळेची जबाबदारी संपत नाही. नळाला पाणी नसेल व नळाजवळ साबण नसेल, तर स्वच्छतेचा उपदेश फलद्रूप होणार नाही. दीडशे वर्षांच्या या अनुभवाचा रोख मुलाच्या शिस्तीपेक्षा शाळेच्या व्यवस्थेकडे आहे.