गोदावरीतून कापूस : एका जलमार्गाचा जमाखर्च

कुरुंद्याच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी अखेर गोदावरीला मिळते आणि नांदेड, सिरोंचा, राजमहेंद्री करीत बंगालच्या उपसागरात जाते. याच वाटेच्या खालच्या टप्प्यातून वऱ्हाडचा कापूस समुद्राला न्यावा, असा बेत एकोणिसाव्या शतकात गांभीर्याने आखला गेला होता. तो किफायतशीर ठरला असता का?

बेत आर्थर कॉटन या अभियंत्याचा (आडनाव निव्वळ योगायोग). १८४७ ते १८५२ या काळात त्याने धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला. पुढचा विचार असा : नदी वरपर्यंत बोटींना खुली करायची, प्राणहितेतून वर्धेत शिरायचे आणि हिंगणघाटकडचा कापूस थेट काकिनाड्याला उतरवायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळचे देवलमरी. तेथे बंधारे व कालवे काढायचे होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा या योजनेचे महत्त्व एकदम वाढले.

आता हिशेब पाहू. पाण्यावरची वाहतूक स्वस्त, हे कॉटनचे म्हणणे चूक नव्हते. पण बोटी चालण्याजोगे पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळच. कापसाची वेचणी मात्र दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन माघापर्यंत चालते. म्हणजे गासड्या बांधून होईतो नदी आटू लागलेली. माल पुढच्या आषाढापर्यंत वखारीत पडून राहणार आणि अडकलेल्या रकमेचे व्याज व्यापाऱ्याच्या माथी.

त्यातच १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, मुंबई युरोपच्या अधिकच जवळ आली. काकिनाडा तर उलट्या दिशेला. १८७१ मध्ये सरकारने काम थांबवले.

मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या रेल्वेशी ही तुलना झाली, तिच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जात होती. जलमार्गाला असा आधार कोणी दिला नाही. कॉटनचा रेल्वेवरील हा राग मला रास्त वाटतो. कापसाच्या हंगामाचे गणित त्याच्या विरुद्ध जात असले तरी.

निजामाच्या मुलखातल्या कुरुंदा-वसमतपर्यंत हा वाद पोचलाच नाही. इथला माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून जात राहिला. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास आली. पूर्णा-हिंगोली फाटा निघून वसमतला स्टेशन झाले, ते त्यानंतर.