खबऱ्याच्या नावाची कुळकथा

'गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून सापळा रचला.' गुन्ह्यांच्या बातम्यांत हे वाक्य रोज भेटतं. बातमीदाराचं नाव मात्र कधी छापून येत नाही. या मौनाची कायदेशीर वंशावळ लंडनच्या एका गाजलेल्या खटल्यापर्यंत जाते.

साल १७९४. सामान्यांना मताधिकार मागणाऱ्या 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी'चा चिटणीस, जोडे शिवून पोट भरणारा थॉमस हार्डी, राजद्रोहाच्या आरोपाखाली उभा होता. सोसायटीत सरकारने आपली माणसं पेरली होती. त्यांनी दिलेली माहिती कोणाच्या हातून सरकारपर्यंत पोचली, हे बचावपक्षाला हवं होतं. न्यायालयाने ते विचारू दिलं नाही: अशी नावं फुटू लागली तर गुन्ह्याची खबर द्यायला पुढे कोण येणार? हार्डी निर्दोष सुटला, पण नियम रुजला.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात तो कलम १२५ म्हणून आणला. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३१मध्ये आहे.

मात्र नाव झाकल्याने निरपराध माणूस तुरुंगात जाणार असेल तर? १८९०मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 'मार्क्स विरुद्ध बेफस' खटल्यात अपवाद सांगितला: आरोपीचं निर्दोषत्व सिद्ध करायला गरज असेल, तर नाव सांगावंच लागेल.

दुसरा धोका पोलिसांच्याच घरातला. बॉस्टनचा टोळीप्रमुख जेम्स 'व्हाइटी' बल्जर १९७५पासून एफबीआयचा खबऱ्या होता. त्याला सांभाळणारा जॉन कॉनोली त्याच्याच वस्तीत वाढलेला. खबऱ्याकडून माहिती घेणारा हा अधिकारी हळूहळू त्यालाच माहिती पुरवू लागला. १९८२मध्ये फ्लोरिडात एका संभाव्य साक्षीदाराचा खून झाला. त्या प्रकरणात २००८ साली ज्युरीने कॉनोलीला दोषी धरलं.

ब्रिटनच्या २०००च्या कायद्याने खबऱ्याला सांभाळण्याचं काम एका माणसाच्या हाती ठेवलेलं नाही. एक अधिकारी खबऱ्याशी रोजचा संपर्क ठेवतो, दुसरा त्या व्यवहारावर देखरेख करतो आणि नोंदवही सांभाळण्याची जबाबदारीही नेमून दिलेली असते. आपल्या कलम १३१मध्ये नाव न सांगण्याची मुभा आहे. खबऱ्याला कोणी सांभाळावं आणि सांभाळणाऱ्यावर नजर कोणी ठेवावी, याबद्दल त्यात एक शब्दही नाही.