घायपात, टंगस्टन आणि नऊ डार्ट: एका खेळाच्या साहित्याची शतकभराची चुरस

१/
३ जानेवारी २०२५. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये अवघा सतरा वर्षांचा ल्यूक लिटलर डार्ट्सचा जगज्जेता ठरला. अंतिम सामन्यात त्याने मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ असे हरवले. लिटलरच्या हातात ‘टार्गेट’ कंपनीचे डार्ट होते, व्हॅन गर्वेनच्या हातात ‘विनमाऊ’चे, आणि दोघांच्या समोर टांगलेला बोर्डही विनमाऊचाच होता. एकाच मंचावर दोन खेळाडूंबरोबर दोन कारखानेही उभे होते.

२/
कोणती कंपनी श्रेष्ठ, यावर या खेळाचे चाहते तासन् तास वाद घालतात. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रश्न वेगळा आहे: या कंपन्यांच्या चुरशीने खेळाचे काय केले? पबमधील करमणूक म्हणून हिणवला गेलेला हा प्रकार मिलिमीटरच्या हिशेबावर कसा आला, याचे बरेचसे उत्तर खेळाडूंइतकेच साहित्य घडवणाऱ्यांकडेही सापडते.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या पबमधील चांगला बोर्ड म्हणजे एल्म वृक्षाच्या लाकडाची चकती. डार्ट बहुधा लाकडी, मागे टर्कीची पिसे लावलेले. त्यांतील बरेच फ्रान्समधून येत. लाकूड सुकले की तडकत असे आणि टोकांनी पडलेली भोके रुंदावत जात. म्हणून पबमालक रात्री बोर्ड पाण्यात भिजत घालीत. तंतू फुगले की भोके मिटत आणि दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा सुरू होई.

४/
याच काळातील एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. १९०८ साली लीड्स येथील न्यायालयात डार्ट्स हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, असा प्रश्न निघाला. तेव्हा अनाकिन नावाच्या पबमालकाने भर न्यायालयात अचूक नेम मारून खटला जिंकला, असे सांगतात. या कथेला कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. ती दंतकथा म्हणूनच वाचावी. मात्र तिच्यातला प्रश्न खरा होता. ओबडधोबड लाकूड आणि वेगवेगळ्या वजनाचे डार्ट असताना कौशल्य सिद्ध तरी कसे व्हावे?

५/
पहिले मोठे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. टेड लेगट यांची ‘नोडोर’ ही कंपनी मूर्तिकामाची माती बनवीत असे. या मातीला वास येत नसे. ‘नो ओडर’ म्हणजे ‘गंध नाही’ या शब्दांवरूनच कंपनीचे नाव पडले. तिने आधी मातीचे बोर्ड करून पाहिले, पण पबमध्ये ते रुजले नाहीत. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिने दोरखंडाचा तंतू हाती घेतला आणि खेळाचा पायाच बदलला.

६/
हा तंतू म्हणजे सिसल. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणारी, जिच्या वाखापासून दोर वळले जातात त्या घायपातीच्या कुळातलीच ही वनस्पती. सारख्या लांबीच्या तंतूंच्या जुड्या एकमेकींलगत उभ्या लावायच्या, प्रचंड दाबाने दाबायच्या, धातूच्या कड्याने आवळायच्या आणि पृष्ठभाग घासून सपाट करायचा, अशी ही रचना. डार्टचे टोक तंतू तोडत नाही. दोन तंतूंच्या मधून शिरते. डार्ट काढला की तंतू पुन्हा मिटतात. भिजवण्याची कटकट संपली आणि बोर्डाचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले.

७/
या तंतूचा प्रवासही जाणून घेण्याजोगा आहे. सिसल मूळची मेक्सिकोची. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन तज्ज्ञाने फ्लोरिडाहून हजारभर रोपे जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात मागवली. प्रवासात बहुतेक मेली, ६२ जगली. त्यांच्यापासून मळे वाढले, लागवड केनियातही पोहोचली आणि पूर्व आफ्रिका जगातील सिसलचे मोठे आगर बनली. पबच्या भिंतीवरील निखळ ‘इंग्रजी’ वस्तूच्या मुळाशी वसाहतींतील मळे आणि तिथल्या मजुरांची मेहनत होती, हे विसरता येत नाही.

८/
बोर्ड सुधारला, त्याच सुमारास खेळाचा प्रसारही झपाट्याने झाला. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राची स्पर्धा १९२७ साली लंडन परिसरात सुरू झाली होती. १९३९ साली लंडनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये तिचा अंतिम सामना पाहायला १४,५३४ प्रेक्षक जमल्याची नोंद आहे. त्याआधी, डिसेंबर १९३७ मध्ये, राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांनी स्लाउ येथील समाजकेंद्राच्या भेटीत डार्ट्स खेळून पाहिले. राणीने राजाला २१-१९ असे मागे टाकले. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली आणि खेळाला प्रतिष्ठेची झळाळी आली.

९/
त्याच १९३७ साली फ्रँक लोवी यांनी ‘युनिकॉर्न’ची सुरुवात केली. त्यांची कल्पना आज साधी वाटते, पण त्या वेळी ती क्रांतिकारक होती: एकाच वजनाचे आणि एकाच घडणीचे तीन डार्ट, एका संचात. ‘सिल्व्हर कॉमेट’ नावाने हा संच बाजारात आला. तोवर पबमधील सामाईक डार्टांपैकी हाती येतील ते घेऊन खेळण्याची रीत होती. एक जड, एक हलका, एक वाकडा असेल, तर चुकलेल्या नेमाचा दोष हाताला द्यायचा की डार्टला, हे ठरत नसे. संच समान झाला आणि ही पळवाट बंद झाली. लीड्सच्या दंतकथेतील प्रश्नाला कारखान्याने दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

१०/
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॅरी किक्स यांनी ‘विनमाऊ’ची स्थापना केली आणि बोर्डांच्या क्षेत्रात नोडोरला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला. पुढे वर्ल्ड मास्टर्स या मानाच्या स्पर्धेशी विनमाऊचे नाव जोडले गेले.

११/
१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चुरशीचे मैदान बोर्डावरून डार्टवर आले. कारण होते टंगस्टन. पितळेची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम; शुद्ध टंगस्टनची १९.२५. शुद्ध टंगस्टन ठिसूळ असल्याने त्यात निकेलसारखे धातू मिसळावे लागतात. तरीही उत्तम मिश्रधातू पितळेच्या दुपटीने घन असतो.

१२/
याचा उपयोग काय, हे हिशेबाने पाहू. वजन आणि लांबी तीच ठेवून घनता दुप्पट केली, तर छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते. व्यास सुमारे ०.७ पट. म्हणजे ९ मिलिमीटर जाडीचा पितळी डार्ट टंगस्टनमध्ये साधारण ६.३ मिलिमीटरचा होतो. आता लक्ष्य पाहा: ‘ट्रिपल २०’चा चौकोन जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच. तीन पितळी डार्ट शेजारी शेजारी बसले, तर २७ मिलिमीटर जागा अडली; टंगस्टनचे तीन बसले, तर सुमारे १९. तिसऱ्या डार्टला वाट मोकळी मिळाली.

१३/
या बदलाचे फळ साऱ्या ब्रिटनने दूरचित्रवाणीवर पाहिले. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी, पुन्हा स्लाउ येथेच, जॉन लोव यांनी ५०१ गुणांचा डाव नऊ डार्टांत संपवला. त्याहून कमी डार्टांत तो संपूच शकत नाही. पहिले सहा डार्ट ट्रिपल २०मध्ये, मग ट्रिपल १७, ट्रिपल १८ आणि डबल १८. बक्षीस होते १,०२,००० पौंड. दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिलाच नऊ डार्टांचा डाव.

१४/
डार्ट सडपातळ झाले आणि बोर्डाची उणीव उघडी पडली. गुणांचे घर आखणारी तार गोल होती आणि पिनांनी ठोकलेली होती. नेम अचूक असूनही टोक तारेवर वा पिनेवर आदळून डार्ट खाली पडे, आणि पडलेल्या डार्टचे गुण शून्य. म्हणून कारखान्यांनी तारा पातळ केल्या, त्यांना पात्यासारखी धार दिली, पिना काढून टाकल्या. विनमाऊच्या ‘ब्लेड’ मालिकेचे नावच या पात्यावरून आले. युनिकॉर्नचा ‘एक्लिप्स’ हा तिचा थेट प्रतिस्पर्धी.

१५/
मग खेळाडूंचेच दोन तट पडले. ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनच्या कारभारावर नाराज असलेल्या आघाडीच्या खेळाडूंनी १९९२-९३ मध्ये वेगळी चूल मांडली. हीच संस्था पुढे पीडीसी म्हणून ओळखली गेली. १९९४ साली दोन संस्थांचे दोन जगज्जेते झाले: एकीकडे जॉन पार्ट, दुसरीकडे डेनिस प्रीस्टली. दुहीचे प्रतिबिंब भिंतीवरही उमटले. जुन्या संस्थेच्या मंचावर विनमाऊचा बोर्ड, तर पीडीसीच्या मंचावर दीर्घकाळ युनिकॉर्नचा. बोर्डाची निवड ही जणू पक्षाची खूण ठरली.

१६/
मात्र दुकानातली चुरस आणि मालकीची कागदपत्रे नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत. २००२ साली नोडोरने विनमाऊ विकत घेतली. पबमधले दोन गट ‘नोडोर भारी की विनमाऊ’ म्हणून भांडत राहिले. नफा मात्र एकाच घरात जाऊ लागला. या समूहाचे बोर्ड केनियात तयार होतात. सिसलच्या मळ्यांजवळच कारखाना आला. एकेकाळी केवळ कच्चा माल पुरवणारी भूमी आता जागतिक अजिंक्यपदाचा बोर्डही घडवते. शतकभराच्या या कथेतला सर्वांत मोठा बदल बहुधा हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

१७/
पुढे जुनी संस्था २०२० मध्ये बुडाली. तिचा बोर्ड मात्र तरला. २०२२ पासून पीडीसीने युनिकॉर्नऐवजी विनमाऊचा बोर्ड स्वीकारला. डार्टच्या बाजूने ‘टार्गेट’सारख्या नव्या कंपन्या उतरल्या. सोळा जागतिक अजिंक्यपदे मिळवणारे फिल टेलर वर्षानुवर्षे युनिकॉर्नचा चेहरा होते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तेही टार्गेटकडे गेले. खेळाडूच्या नावाचा डार्ट हा आज या व्यवसायाचा कणा आहे.

१८/
तरीही काही गोष्टींना एकाही कंपनीला हात लावता आलेला नाही. बोर्डाचे केंद्र जमिनीपासून १.७३ मीटरवर, फेकीची रेषा २.३७ मीटरवर. या चौकटीत राहूनच सर्वांना स्पर्धा करावी लागली. म्हणून नव्या शोधांनी लक्ष्य सोपे केले नाही. नेम आणि निकाल यांच्यामध्ये येणारे तडकलेले लाकूड, विजोड डार्ट, जाड पितळ आणि गोल तार एकेक करून दूर केली.

१९/
‘नशीब की कौशल्य’ या जुन्या प्रश्नाचा निवाडा असा टप्प्याटप्प्याने झाला. कोणता डार्ट उत्तम, याचे उत्तर प्रत्येक हातासाठी निराळे राहील. पण आज डार्ट चुकला, तर दोष कोणाचा हे फेकणाऱ्याला पुरते ठाऊक असते. शंभर वर्षांच्या चुरशीची खरी कमाई हीच.