माया तेव्हाही होती

वर्ष 1974. पहाटेचा भोंगा लालबागवरून घुमतो आणि तू चाळीतल्या एका खोलीच्या उंबऱ्यावर उभी असतेस. गावकीची खोली ही. पंधरा-वीस गडी इथे राहतात. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच चटईवर रात्रपाळीचा येऊन आडवा होतो. काळ्याभोर केसांचा एक तिशीतला माणूस कोपऱ्यात बसलाय. तू त्याला ओळखत नाहीस. मग तो मान किंचित कलती करून बशीतल्या चहावर फुंकर मारतो आणि तुला ओळख पटते. हे तुझे आजोबा.

त्यांच्यामागून गिरणीत शिर. साचेखात्यात पाऊल टाकताच आवाज छातीवर आदळतो. मागांच्या रांगाच्या रांगा चालू आहेत, धोटे या टोकाकडून त्या टोकाकडे धावताहेत. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. सदरा अंगाला चिकटतो, पापण्यांवर कापसाची तूस बसते. बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळे हातवारे करतात, ओठ वाचतात. लहानपणी तू त्यांच्या कानाशी लागून सांगायचीस, तरी ते तुझ्या तोंडाकडे का बघत राहायचे, ते आता कळतं.

पगार झाला की पोस्टातल्या रांगेत त्यांच्याशेजारी उभी राहा. खाणावळवाल्या मावशींचे पैसे देऊन झालेत. उरलेले संगमेश्वर तालुक्यातल्या घरी जायचेत. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तळाशी मजकुराला दोन बोटं जागा. ते पेन धरून बराच वेळ थांबतात. शेवटी लिहितात, ‘पोरास छत्री घेणे. मी बरा आहे.’ काही दिवसांनी पोचपावती परत येते. तिच्यावर तुझ्या आजीचा अंगठा.

भाद्रपद लागतो. रात्रभर एसटी, कशेडीचा घाट, सकाळी गावचा फाटा. अंगणात चार वर्षांचा एक मुलगा आईच्या लुगड्याआड लपतो. तो तुझा बाप. मुंबईहून आणलेला चेंडू तो घेतो, पण जवळ येत नाही. गौरी-गणपती बुडेपर्यंत तो मांडीवर झोपायला लागतो, आणि तोच आजोबांचा निघायचा दिवस असतो. पुढे कधीतरी पावतीवर आईच्या अंगठ्याशेजारी वाकडीतिकडी अक्षरं उमटतात. पोस्टमननं पोराला नाव गिरवू दिलेलं असतं. ती पावती त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाच्या हातून फिरते.

18 जानेवारी 1982. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर जातात. गिरणगावात भोंगे थांबतात. उधारीवर दिवस निघतात, मग उधारीही आटते आणि कितीतरी जण गावची वाट धरतात. आजोबाही. त्या पावसाळ्यात बारा वर्षांचा तुझा बाप पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर चिखलात उतरून भाताची लावणी करतो. पोराला बाप कळायला आणि घरातला पैसा संपायला एकच पावसाळा पुरतो. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच होत नाही. आजोबांचं काम मात्र कायमचं गेलेलं असतं.

आता 2003 मध्ये ये. इथलं तुला सगळं पाठ आहे. शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून ते फाटकाशी उभे असायचे. तुटलेला धागा क्षणात सांधायला शिकलेल्या त्या बोटांनी तुझ्या घट्ट वेण्या घालायचे. तू आजारी पडलीस की रात्रभर उशाशी बसायचे. तुला वाटायचं, आजोबा म्हणजे असेच असतात.

म्हणून आजोबांच्या बाराव्याच्या दिवशी बाबा हळूच म्हणाले, “आमच्या वाट्याला हे एवढे आले नाहीत,” तेव्हा तुला राग आला. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांचं म्हणणं खरं आहे, तू आत्ताच त्या अंगणात उभी होतीस. पण पोस्टाच्या रांगेत थांबलेलं ते पेन बाबांनी कधी पाहिलेलं नाही. ते त्यांना सांग. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप असाच दरमहा पोस्टानं येत होता. गिरणीतून सुटल्यावर हातात आलेला सगळा वेळ आजोबांनी तुझ्यावर उधळला. माया तेव्हाही तेवढीच होती, बाबा. रजा नव्हती.