चपळ गाडीचा इतिहास: कुर्ला, चाकण आणि कोथरूडची टेकडी

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि सनावळ्या आठवतात. दारापुढे उभ्या असलेल्या मोटारीलाही इतिहास असतो, हे सहसा लक्षात येत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र तो वाचावाच लागतो, कारण गाडीसोबत तिचे सगळे भूतकाळही तो विकत घेत असतो.

मी शिकवतो उर्दू आणि मराठी. तरीही चाकण-हिंजवडीला नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी गेल्या काही वर्षांत एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, रोज कामावर नेता येईल आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवरही पळवता येईल, अशी जुनी हॉट हॅच कोणती घ्यावी?" हॉट हॅच म्हणजे घरगुती छोटी मोटार, पण अंगात जास्त ताकद भरलेली. ट्रॅक डे म्हणजे फी भरून, स्पर्धा न लावता, आपलीच गाडी शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर चालवण्याचा दिवस. प्रश्न तरुणांचा आहे, पण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. त्या इतिहासातला मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात घडला आहे.

हा प्रकार जन्मालाच आला तो दोन कामांसाठी. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली. साध्या गोल्फमध्ये १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते. कंपनीने ५,००० गाड्यांचा अंदाज धरला होता; पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. कारण सरळ होते. श्रीमंत माणूस ऑफिसला एक आणि हौसेला दुसरी गाडी ठेवत असे. ज्याला एकच परवडते, त्याच्यासाठी ही गाडी होती. त्याच्याही आधी इटलीत कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये आपली कंपनी काढली आणि साध्या फियाट गाड्यांना वेगवान करून देण्यात नाव कमावले. १९७१ मध्ये फियाटने ती कंपनी विकत घेतली. विंचवाच्या चिन्हाचे ते नाव पुढे आपल्या रांजणगावात पोहोचणार होते.

त्या काळात आपल्याकडे काय चालले होते? सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. इंजिन १,०८९ सीसीचे. परवाना राज्यात गाडी मिळायलाच वर्षानुवर्षे थांबावे लागे, तिथे वेगाची निवड कोण करणार? हौशी लोक याच गाड्या उघडून, हलक्या करून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पळवत.

या गाड्या जिवंत ठेवल्या त्या गॅरेजवाल्यांनी. त्यांची भाषा ऐकण्यासारखी आहे. 'मिस्त्री' आणि 'चावी' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, 'उस्ताद' फारसीतून आला, 'दुरुस्ती'च्या मुळाशी फारसीतले 'दुरुस्त' आहे, तर 'हिशेब' आणि 'किंमत' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे रुळले. उस्ताद-शागीर्द परंपरा संगीताइतकीच गॅरेजातही चालत आली. मुंबई-पुण्यात तिचा मोठा भार मुस्लिम कारागिरांनी वाहिला, पण मोटारींच्या इतिहासात कारखानदारांची नावे येतात, बोनेट उघडणाऱ्याचे नाव येत नाही. आजही जुन्या गाडीचे आयुष्य शोरूमपेक्षा त्याच्याच हातावर जास्त अवलंबून असते.

फॅक्टरीतूनच चपळ होऊन आलेली छोटी गाडी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती २००१ मध्ये. फियाट पॅलिओची १.६ लिटरची, सुमारे १०० अश्वशक्तीची आवृत्ती बाजारात आली आणि जाहिरातीला सचिन तेंडुलकर होता. गाडी मजबूत होती, वळणावर चिकटून चालायची. तरीही गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "किती देते?" पेट्रोलच्या बाबतीत पॅलिओ १.६ चे उत्तर त्याला पटण्यासारखे नव्हते.

या "किती देते?"चे अधिकृत उत्तर जिथे मोजले जाते, ती जागा कोथरूडमध्येच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, वेताळ टेकडीवर आहे. आपण सकाळी फिरायला जातो त्या टेकडीला कितीतरी लोक एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतात. देशभरच्या जाहिरातींत मायलेजच्या आकड्याखाली या संस्थेचे नाव असते. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर उभ्या केलेल्या गाडीवर होते. ती सुमारे वीस मिनिटे चालते आणि तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. पौड रस्त्यावरची संध्याकाळ त्यात नसते आणि ट्रॅकही नसतो. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो; आपल्या खिशाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

दुसरा निर्णायक आकडा दिल्लीतून आला. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. छोटी गाडी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. त्या एका व्याख्येने भारतातल्या चपळ गाड्यांचे भवितव्य ठरवले. आता मोठे इंजिन महाग पडणार होते. लहान इंजिनाला टर्बो लावणे हाच शहाणपणाचा मार्ग उरला.

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये पोलो आली. त्याच वर्षी कंपनीने भारतात पोलो कप ही शर्यतही सुरू केली. एप्रिल २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली: १,१९७ सीसीचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक, किंमत सुमारे आठ लाख. इंजिन १,२०० च्या आत अगदी तीन सीसीने बसवलेले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली. तिचे इंजिन १,३६८ सीसीचे, म्हणजे करसवलतीच्या बाहेरचे, पण ताकद १४५ अश्वशक्तीची, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९.९५ लाख. दहा लाखांच्या आत इतकी ताकद तेव्हा दुसरी कोणतीच हॅचबॅक देत नव्हती. तरीही ती थोड्याच वर्षांत बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि फियाटने ते गाठण्याऐवजी भारतातून आपले नावच काढून घेतले. पोलोने नियम पाळले: ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, ११० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा मॅन्युअल. २०२२ मध्ये तिचेही उत्पादन थांबले. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय अखेर अधिकृतपणे भारतात आली, पण तिची किंमत ५३ लाखांच्या घरात होती. ज्याला एकच गाडी परवडते त्याच्यासाठी जन्मलेली गाडी त्याच्या आवाक्याबाहेर गेली. त्याच्यासाठी उरला तो सेकंडहँड बाजार.

आता निवडीकडे येऊ. ट्रॅकचा विचार करणारे बहुतेक जण अश्वशक्ती पाहतात. मी म्हणेन, आधी नकाशा पाहा. देशातले नावाजलेले ट्रॅक आहेत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. तिन्ही कोथरूडपासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे वर्षातले साडेतीनशे दिवस ही गाडी कर्वे रस्ता, चांदणी चौक आणि महामार्गावर असणार. उरलेल्या दिवसांत ती स्वतःच्या चाकांवर चेन्नईला जाणार, दिवसभर पिळून निघणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकांवर परत येणार, कारण सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचे आहे. शर्यतवाल्याकडे गाडी वाहून नेणारा ट्रक असतो, आपल्याकडे नसतो. म्हणून या माणसाच्या यादीत ताकदीच्या आधी भरवसा येतो, आणि भरवशाची कसोटी म्हणजे उष्णता आणि सुटे भाग.

अबार्थ पुंटो ट्रॅकवर तिघींत उजवी. ब्रेक चांगले, स्टिअरिंग जिवंत. पण क्लच जड आहे, रोजच्या वाहतुकीत पाय दुखवतो, आणि ज्या कंपनीने देश सोडला तिच्या खास भागांसाठी वाट पाहावी लागते. ओळखीचा जाणकार मिस्त्री आणि घरात दुसरे वाहन असेल तरच हिच्या वाटेला जावे. जुनी जीटी टीएसआय महामार्गावर सुखाची, पण तिच्या डीएसजीचा क्लच कोरड्या प्रकारचा आहे. तो तेलात बुडालेला नसल्याने रांगत्या वाहतुकीत तापतो, आणि बिघडला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो. कोथरूडच्या माणसाचा अर्धा प्रवास रांगतच होतो. राहिली २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय मॅन्युअल पोलो. ताकद पुंटोपेक्षा ३५ने कमी, मागे ड्रम ब्रेक. पण तिच्याच जातीचे इंजिन चाकणमध्ये टायगुन आणि व्हर्टससाठी आजही बनते. एआरएआयचा आकडा लिटरला १८.२४ किलोमीटर, पुंटोचा १६.३. दोन्ही कामे एकाच गाडीने करायची, तर माझे मत हिच्याच पारड्यात. चांगले ब्रेक पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि चार चांगले टायर यांवर थोडा खर्च केला, तर शिकाऊ चालकाला ट्रॅकवर ती बराच काळ पुरते.

मॉडेलचा इतिहास इथे संपतो आणि त्या एका गाडीचा सुरू होतो. तो कागदपत्रे जुळवून, इतिहासकारासारखा वाचावा. सर्व्हिसच्या नोंदीतले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का? आकडा कमी आणि पेडलचे रबर गुळगुळीत असेल, तर साक्ष रबराची मानावी. टायरच्या कडेवर चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. चार टायरांच्या चार तारखा असतील तर कारण विचारावे. दरवाजे आणि बोनेटच्या बोल्टांचा रंग उडाला असेल तर पत्रा कधीतरी उघडला गेला आहे. संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली गाडी असेल, तर विकताना सगळे पूर्ववत केले जाते. म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपत आला आहे. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, मालक कितवा, हेही पाहावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर येतो, म्हणजे २०१० च्या पोलोला ही वेळ आलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाहीत, तेव्हा मोठा आवाज करणारा सायलेन्सर हौस म्हणूनही घेऊ नये. आणि एक गोष्ट विक्रेता कधीच सांगत नाही: नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर पत्रा वाकला तर खर्च आपला.

आपल्या बोलीत 'ऐब' हा शब्द आहे. माल विकताना त्याचा ऐब सांगावा, ही जुन्या बाजाराची रीत. ज्या विक्रेत्याने स्वतःहून दोन ऐब सांगितले, त्याच्या तिसऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ज्याच्या गाडीत एकही ऐब नाही, त्याच्या दारातून परत यावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरचे विचारतील. चांदणी चौकातला पूल मोकळा झाल्यापासून रात्री तिथून जाणाऱ्या इंजिनांचा आवाज आपण सगळे ऐकतो. वेगाची ओढ तरुणांच्या अंगात असते, ती उपदेशाने जात नाही. ती ओढ वर्षातून दोन दिवस, हेल्मेट घालून, समोरून कुणी येणार नाही अशा रस्त्यावर खर्च झाली, तर उरलेले दिवस तोच मुलगा पौड रस्त्यावर शांतपणे गाडी चालवतो. ट्रॅकवर पहिल्याच तासात त्याला कळते की आपले ब्रेक कुठे संपतात आणि आपले कौशल्य त्याच्याही आधी कुठे संपते. हे ज्ञान ज्या गाडीत सुखरूप मिळेल आणि जी त्याला घरी परत आणेल, ती गाडी त्याने घ्यावी.