हेअर ड्रायर

हेअर ड्रायर हे ओले केस वाळवण्यासाठी व त्यांना हवा तसा आकार देण्यासाठी वापरले जाणारे विद्युत उपकरण आहे. त्यातील पंखा बाहेरील हवा आत ओढून तापलेल्या तारेवरून पुढे ढकलतो. या उष्ण, वेगवान हवेमुळे केसांवरील पाण्याचे बाष्पीभवन जलद होते. केसांची जाडी, दाटपणा, कुरळेपणा आणि सच्छिद्रता यांनुसार त्यांना मानवणारी उष्णता व हवेचा वेग बदलतो. म्हणून ड्रायरची निवड केवळ वॅटच्या आकड्यावरून करणे पुरेसे नसते.

इतिहास

फ्रेंच केशरचनाकार अलेक्झांडर-फर्दिनां गोदफ्रुआ यांनी १८९० च्या सुमारास आपल्या सलूनसाठी बनवलेले यंत्र हे हेअर ड्रायरचे आद्य रूप मानले जाते. ते हातात धरता येत नसे. ग्राहकाला त्याखाली बसावे लागे. हाती धरण्याजोगे ड्रायर १९२० च्या दशकात प्रचारात आले. ते धातूचे व जड असून त्यांची शक्ती सुमारे १०० वॅट होती. आजच्या ड्रायरची शक्ती साधारणपणे १,००० ते २,२०० वॅट असते. काही ड्रायरमधील उष्णतारोधक ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळत असल्याचे १९७९ मध्ये अमेरिकेत उघड झाले आणि त्यानंतर तेथील उत्पादकांनी त्याचा वापर थांबवला.

रचना

ड्रायरमध्ये मोटर, पंखा आणि निकेल व क्रोमियम यांच्या नायक्रोम या मिश्रधातूची तार असते. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास द्विधातूची पट्टी वाकून तारेचा विद्युतप्रवाह तोडते. सिरॅमिकचे भाग असलेल्या ड्रायरमध्ये उष्णता अधिक समप्रमाणात पसरते. आयनिक ड्रायर ऋणभारित आयन सोडतात. त्यामुळे स्थिर विद्युत कमी होऊन केस कमी पिंजारतात. मात्र उत्पादकांच्या जाहिरातींतील सर्वच दाव्यांना भक्कम पुरावा नाही.

केस व उष्णता

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. केस भिजल्यावर केराटिनमधील हायड्रोजन बंध तुटतात व वाळताना केस ज्या आकारात धरलेले असतात त्या आकारात पुन्हा जुळतात. ड्रायरने केसांना तात्पुरता आकार देता येतो तो यामुळेच. हवेतील आर्द्रतेने हे बंध पुन्हा सैल होतात. म्हणून पावसाळ्यात मुंबई व कोकणासारख्या दमट प्रदेशांत सरळ केलेले केस लवकर मूळ रूपावर येतात.

अतिउष्णतेने क्यूटिकल या खवल्यांसारख्या बाह्य आवरणाला तडे जातात. ओल्या केसाच्या आतील पाण्याची वाफ झाल्यास केसात पोकळ बुडबुडे निर्माण होऊन तो तेथे तुटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरल्यास केसांपाशी सुमारे ९५ अंश सेल्सिअस, तर १५ सेंटिमीटरवर सुमारे ४७ अंश तापमान नोंदवले गेले. १५ सेंटिमीटर अंतरावरून ड्रायर सतत हलवत वाळवलेल्या केसांची एकूण हानी नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांपेक्षाही कमी आढळली, कारण दीर्घकाळ ओले राहिल्यानेही केसांच्या आतील रचनेवर परिणाम होतो.

केसांच्या प्रकारानुसार निवड

पातळ व विरळ केस: हे लवकर वाळतात व लवकर तापतात. १,००० ते १,२०० वॅटचा, कमी उष्णतेची सोय असलेला ड्रायर त्यांना पुरतो.

दाट व जाड केस: यांत पाणी अधिक साठते. त्यांना हवेचा वेग जास्त असलेला, सुमारे १,६०० वॅट वा अधिक शक्तीचा ड्रायर सोयीचा ठरतो. उष्णता वाढवण्यापेक्षा वेग वाढवणे हितावह असते.

कुरळे केस: थेट झोताने कुरळ्या बटा विस्कटतात. बोटांसारखे उंचवटे असलेला डिफ्यूझर हवा पसरवतो व बटांचा आकार टिकवतो.

सरळ व सहज पिंजारणारे केस: अरुंद तोंडाच्या नोझलने झोत मुळाकडून टोकाकडे सोडल्यास क्यूटिकलचे खवले सपाट बसतात. आयनिक ड्रायर येथे उपयोगी पडू शकतो.

रंगवलेले वा रासायनिक प्रक्रिया केलेले केस: हे अधिक सच्छिद्र व ठिसूळ असतात. त्यांच्यासाठी तापमानाचे अनेक टप्पे व थंड हवेचे बटण असलेला ड्रायर निवडणे इष्ट.

सुरक्षितता

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर त्यामुळे सुमारे १,३८० वॅटपर्यंतचेच उपकरण चालवता येते. २,००० वॅटचा ड्रायर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट आवश्यक असते, अन्यथा सॉकेट व वायर तापून आगीचा धोका संभवतो. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ड्रायर थेट भारतीय सॉकेटला जोडल्यास त्यातील तार जवळजवळ चौपट शक्ती खेचते व उपकरण जळू शकते. दुहेरी व्होल्टेजच्या ड्रायरवरील कळ योग्य व्होल्टेजवर असल्याची खात्री आधी करावी लागते.

बटण बंद असले तरी प्लग जोडलेला ड्रायर पाण्यात पडल्यास प्राणघातक ठरू शकतो. या कारणास्तव अमेरिकेत १९९१ पासून ड्रायरच्या प्लगमध्ये प्रवाह आपोआप तोडणारी यंत्रणा बसवली जाऊ लागली. भारतीय घरांत गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण असेच संरक्षण देते. तरीही न्हाणीघरात ड्रायर न वापरणे व वापरानंतर प्लग काढून ठेवणे हेच सर्वांत सुरक्षित होय. मागील जाळीत केस व धूळ साचल्यास हवा अडून तार अतितप्त होते. म्हणून जाळी नियमित स्वच्छ करणे आवश्यक असते.