कोळसागाडीचे गीत : इतिहासाचे एक साधन

खाणकामगारांच्या इतिहासाची साधने बहुधा सरकारच्या अथवा मालकाच्या दप्तरातून येतात. आजचा गडचिरोली ज्यात मोडत असे त्या जुन्या चांदा जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १८७० नंतरच्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, १९०६ साली ती बंद पडली आणि बल्लारपूरच्या खाणीस महत्त्व आले. हा क्रम दप्तरातून लावता येतो. परंतु खाणीत उतरणाऱ्याचे अनुभव तेथे क्वचितच सापडतात. ही उणीव ध्वनिमुद्रिका कितपत भरून काढू शकते, याचा विचार दक्षिण आफ्रिकेतील एका उदाहरणावरून करता येईल.

ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला (१९३९–२०१८) यांचा जन्म विटबँक या कोळसाखाणींच्या गावी झाला. त्यांची आजी खाणकामगारांसाठी गुत्ता चालवीत असे. कामगारांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडल्या त्या तेथेच. १९६० साली त्यांनी देश सोडला, आणि वर्णभेदी राजवटीमुळे सुमारे तीस वर्षे ते परदेशी राहिले. ‘स्टिमेला’, म्हणजे आगगाडी, हे त्यांचे गीत १९७४ च्या एका ध्वनिमुद्रिकेत आले. शेजारच्या देशांतून जोहान्सबर्ग परिसरातील खाणींकडे मजूर आणणाऱ्या कोळशाच्या गाडीची ती कहाणी आहे.

हेच गीत त्यांनी १९९३ साली वॉशिंग्टनच्या ‘ब्लूज ॲली’ या जॅझगृहात श्रोत्यांसमोर सादर केले. ‘होप’ या ध्वनिमुद्रिकेत (१९९४) ते ऐकावयास मिळते. त्यात मजुरांची हकिकत निवेदनाने सांगितली जाते, आणि इंजिनाची शिट्टी गायक स्वतःच्या कंठातून काढतो. तोवर मासेकेला मायदेशी परतले होते. एप्रिल १९९४ ची सर्ववर्णीय निवडणूक जवळ आली होती. परागंदा कलावंताचे गाऱ्हाणे येथे परतलेल्या माणसाची साक्ष बनते. स्थळ, काळ आणि श्रोते यांची नोंद राहिल्यानेच हा फरक अभ्यासकास ओळखता येतो.

या साक्षीची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. मासेकेला स्वतः खाणकामगार नव्हते. त्यांचे कथन ऐकीव आहे. तसेच कृष्णवर्णीय मजुरांच्या हालचालींवर बंधने घालणारे तेथील पासचे कायदे चांद्यास नव्हते. ही तुलना म्हणून साधनापुरतीच ग्राह्य धरावी.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी चंद्रपूरच्या खाणींत उतरलेले कामगार आता वृद्ध झाले आहेत. त्यांची गाणी व कथने स्थळ, दिनांक आणि उपस्थितांच्या नोंदीसह मुद्रित करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे निकडीचे काम होय. दप्तरे पुढेही वाचता येतील. या माणसांना पुढे ऐकता येईलच असे नाही.